रविवारची दहा मिनिटं

बाबांच्या गाडीला आई सवत म्हणायची. आधी रागानं म्हणायची, मग सवयीनं, आणि बाबा अंथरुणाला खिळल्यापासून चक्क मायेनं. "सवतीला उठवलंस का गं?" असं ती रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायची, तेव्हा थोरल्या मुलीला हसावं की रडावं कळत नसे. वेळ आली की सवतही गोड लागते माणसाला, दुसरं काय.

गाडी होती छोटीशी, गोल पाठीची, बाबांच्या लग्नाआधीची. बाबांची नोकरी छापखान्यात मशीनवर, पण जीव सगळा या गाडीत. घरातलं गोडं तेल संपलं तर त्यांना आठ दिवस पत्ता लागत नसे. गाडीचं तेल मात्र ते दर महिन्याला काडीनं काढून बघायचे. अंगठा आणि बोट यांच्यात चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि दूर कुठंतरी बघत विचार करायचे. "तिचं तेल बघता तसं कधी माझं डोकं दुखतंय का बघितलंत?" हे आईचं ठरलेलं वाक्य, आणि बाबांचं ठरलेलं उत्तर, "तुझं डोकं दुखलं की तू सांगतेस. ती सांगत नाही." गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. थोरली गाडी चालवायला शिकली ती दुसऱ्याच्या गाडीवर. धाकटा तर कंटाळून परदेशी गेला तो तिकडचाच झाला.

आणि मग एके दिवशी दाढी करता करता बाबा बेसिनपाशी कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डावा हात तेवढा राहिला. डॉक्टरांनी आणखी एक सांगून ठेवलं, की यांच्या होकार-नकारावर विसंबू नका, डोक्यात दोन्हींची अदलाबदल झाली आहे. पाणी हवं का विचारलं तर मान हलवून नाही म्हणायचे आणि पेला ओठांना लावला की घटाघटा प्यायचे. माणूस समोर आहे, डोळे उघडे आहेत, आत सगळं कळतंय असं वाटतं आहे, पण दाराला कडी घातली आहे आणि किल्ली दोन्हीकडे नाही. आईनं सुरुवातीला पुष्कळ प्रश्न विचारून बघितले, मग प्रश्न विचारणंच सोडून दिलं. ती नुसती पलंगाशी बसून राहायची, आणि तिचं ते बसणं थोरलीला बाबांच्या आजारापेक्षा जास्त भिववायचं.

अशात कुणीतरी म्हणालं, गाडी उभी राहून बॅटरी मरेल, इंजिन जाम होईल, आठवड्यातून एकदा चालू करत जा. आईनं हे मनावर घेतलं. बाबांचा पलंग खिडकीशी होता आणि खिडकीखालीच आवारात गाडी. पहिल्या रविवारी थोरलीनं भीतभीत किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. वरून आईचा असा काही आवाज आला की थोरली गाडी तशीच चालू ठेवून धावत जिना चढली.

बाबा उशीवरून मान उचलायला बघत होते. डोळे टक्क उघडे. डावा हात हवेत, तळवा वरच्या बाजूला, आणि तो हात ते सारखा वर वर उचलत होते, बाळाला उचलून घ्यावं तसा.

"चालू ठेव म्हणतायत!" आई रडत होती आणि हसत होती. "बघ ना! चालू ठेव, चालू ठेव म्हणतायत!"

इतक्या आठवड्यांत बाबांनी स्वतःहून केलेली ती पहिली गोष्ट. दहा मिनिटं गाडी गुरगुरत राहिली आणि दहा मिनिटं बाबांचा हात वर होत राहिला. बाबांना मोठ्या आवाजाचा त्रास नको म्हणून थोरलीनं ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावला नव्हता. गाडी बंद झाल्यावर हात खाली आला. आईनं त्यांचे डोळे पदरानं पुसले, मग स्वतःचे पुसले.

तेव्हापासून रविवार म्हणजे रविवार झाला. आई आदल्या दिवसापासून तयारीला लागायची. बाबांची दाढी, धुतलेला सदरा, पाठीशी दोन उशा. व्यायाम करून घ्यायला येणारी बाई रविवारची सुट्टी सोडून तेवढ्यासाठी यायला लागली, कारण बाबांचा हात एरवी तिच्या मिनतवाऱ्यांनाही दाद देत नसे आणि गाडी सुरू झाली की आपोआप चालायचा. पुढं पुढं बाबा मूठ आवळायला लागले. हात वर करून दमले की मूठ वळायचे आणि ती मूठ हलवायचे. "ग्रिप आली!" बाई टाळ्या वाजवायची. "आजी, पाहिलंत का, मूठ कशी घट्ट!" आई शेजारपाजारी सांगत सुटली, की ह्यांना बळ यायला लागलंय, सवतीनं माझ्या संसाराचं ऋण फेडलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. ते आनंदाचंच असणार, याबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती. शंका घ्यायला वाव कुणी ठेवलाच नव्हता.

मग गाडी टकटक करू लागली.

आधी हळू, कुणी पेन्सिलीनं टेबलावर वाजवावं तशी. थोरलीला वाटलं भास होतोय. पुढच्या रविवारी टकटक स्पष्ट झाली. तिनं धाकट्याला फोन लावला. धाकटा म्हणजे उंटावरचा शहाणा. चार समुद्रांपलीकडे बसून बाबांचं पथ्य, आईची औषधं आणि आता गाडीचं पोट, सगळ्यावर त्याचा अभ्यास तयार.

"ताई, झिंक!" तो म्हणाला. "जुन्या इंजिनांना तेलात झिंक लागतं. हल्लीच्या तेलांत ते कमी केलंय, नव्या गाड्यांच्या धुराच्या जाळीला सोसत नाही म्हणून. तू भरलंस ते कुठलं तेल?"

"सुरू करायच्या आधी नवं घातलं ते. दुकानदार म्हणाला सगळ्यात भारी हेच."

"अगं, नव्या गाडीसाठी भारी! पाण्यासारखं पातळ असेल ते. आपल्या म्हातारीच्या इंजिनात आतल्या आत लोखंडावर लोखंड घासतं. झिंकचा एक पापुद्रा मध्ये असतो म्हणून निभतं. मी बाटल्या पाठवतो."

बाटल्या आल्या. एकीवर लिहिलं होतं तेलात मिसळा, दुसरीवर लिहिलं होतं कशातही मिसळू नका. धाकट्यानं तिकडच्या जुन्या गाडीवाल्यांच्या चर्चा वाचून पाठवल्या. एक म्हणे दाट तेल घ्या, दुसरा म्हणे दाट तेल चढेपर्यंत इंजिन कोरडं मरतं, तिसरा म्हणे तुम्ही दोघंही गाढव आहात. थोरलीला वाचून घेरी आली. तिची नोकरी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांपुढं भिंगं बदलत विचारायची, "आता बरं, की आधीचं? हे, की हे?" आणि माणूस तोंडानं काहीही म्हणाला तरी त्याला खरंच दिसतंय का, हे तिला त्याच्या भुवयांवरून कळायचं. या बाबतीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं दुकानाचे मालकच म्हणायचे. पण बाटल्यांना भुवया नसतात. तिनं अंदाजपंचे एक बाटली ओतली. पुढच्या रविवारी टकटक वाढली आणि बाबांची मूठही जास्त हलली.

शेवटी तिनं भोंगेकाकांना फोन केला.

भोंगेकाका म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मालक, बाबांचे एके काळचे जिवलग. आवाज असा की बाबांनीच नाव ठेवलं होतं भोंगा. प्रत्येक सुट्टी बाबांनी त्यांच्या गॅरेजात घालवलेली. मग तेलावरून दोघांचं वाजलं. काका गॅरेजातल्या पिंपातलं एकच तेल सगळ्या गाड्यांना घालायचे, बाबा म्हणाले हे माझ्या गाडीला चालणार नाही, काका म्हणाले तुझी गाडी काय सोन्याची आहे? तेवढ्यावरून दोघं म्हातारे लहान पोरांसारखे तोंड फिरवून बसले ते बसलेच. बाबा आजारी पडल्यावरही काका आले नव्हते. फोनवर मात्र "येतो" एवढंच म्हणाले, आणि रविवारी सकाळी हजर झाले.

"वर चला ना काका आधी."

"गाडी बघू दे," काका म्हणाले. वर खिडकीकडे त्यांनी बघितलंही नाही.

त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनावरचं झाकण काढलं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवायला सुरुवात केली. झाकणाखाली लोखंडी पट्ट्यांची ओळ होती. इंजिन फिरेल तशी एकेक पट्टी झुकायची आणि परत यायची. "ही बघ किती दबली. आता ही बघ." दुसरी पट्टी जेमतेम हलली. तिसरीही तशीच. काकांचा भोंगा एकदम बारीक झाला. "खालचा कॅम खाल्लाय, उंचवट्यांचा दांडा. ज्या उंचवट्यानं ही पट्टी उचलायची, तो उंचवटाच गुळगुळीत झालाय. चालू कोण करत होतं?"

"मीच. दर रविवारी, दहा मिनिटं."

"आणि रेस किती द्यायचीस?"

"रेस नाही द्यायचे. अगदी हळू ठेवायचे. बाबांना त्रास नको म्हणून."

काका मागं सरकून पायरीवर बसले. हाताला लागलेलं तेल फडक्याला पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

"पोरी, हिच्या कॅमला तेल खालून उडून लागतं. इंजिन जोरात फिरलं तर उडणार. हळू ठेवलं तर लोखंड लोखंडाला खातं. वर दहा मिनिटांत तेल धड तापतही नाही, मग तुझ्या त्या बाटलीतलं औषध काम कधी करणार? नुसती उभी ठेवली असतीस तर वर्षभर काही झालं नसतं. गुरगुरत ठेवणं हेच हिचं मरण. तुझ्या बापाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं."

करायला गेलो काय आणि झालं काय! तरी तोंडानं थोरली भांडत राहिली, माणूस अशा वेळी भांडतोच. "पण बाबांना आवडायचं ते! आवाज ऐकला की एवढे खुलायचे! हात असा करायचे, चालू ठेव म्हणून." आणि तिनं तळवा वर करून हात उचलून दाखवला.

काकांनी फडकं खाली ठेवलं.

"परत कर."

तिनं परत केलं.

"हे 'चालू ठेव' नाही," काका म्हणाले. "हे 'रेस दे' आहे. इंजिन चालू असताना गॅरेजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येतं का? तुझा बाप इथं बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहायचा, मी आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. तळवा वर, म्हणजे रेस वाढव. तळवा खाली, कमी कर. इतकी वर्षं आम्ही असंच बोललो. तोंडानं बोललो तेव्हाच भांडलो."

थोरलीची विचारायची हिंमत होत नव्हती आणि न विचारता राहवत नव्हतं. "आणि मूठ? मूठ आवळून हलवली तर?"

"बंद कर," काका म्हणाले. "ताबडतोब बंद कर, काहीतरी तुटतंय."

आवारात उन्हाची तिरीप आली होती. वरून आईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, ती बाबांच्या पाठीशी उशी लावत असणार. थोरली गाडीच्या पुढच्या दिव्याला धरून उभी राहिली. किती रविवार तो माणूस वरून ओरडत होता! त्याला येत असलेल्या एकमेव भाषेत, त्याच्या एकमेव हातानं तो सांगत होता, की वाढव, वाढव, मग निदान बंद तरी कर. आणि घरचे टाळ्या वाजवत होते. दिवसभर लोकांच्या भुवया वाचणारी ही बाई, आपल्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी तिला वाचता आलं नाही. तिला स्वतःच्या मुस्कटात दोन मारून घ्याव्याशा वाटल्या.

"आईला नका सांगू," ती कशीबशी म्हणाली. "रविवारची कल्पना तिची आहे. तिच्यावरच तर जगतेय ती."

"मी वरच येत नाही, तर सांगतो कशाला? मला नाही बघवायचा तो तसा." काका उठले. "तेल मात्र बदलू. बैल गेला आणि झोपा केला म्हण हवं तर, पण जे उंचवटे शाबूत आहेत ते तरी राहतील. नवा कॅम मिळायचा नाही, भरून घासून घ्यायचा म्हटलं तर कारागीर शोधण्यापासून तयारी. त्याला तेवढा वेळ..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तेल कुठलं घालायचं ते त्यालाच विचार. मी एकदा त्याचं ऐकलं नव्हतं."

"त्यांचं हो-नाही उलटसुलट होतं, काका."

"तोंडाचं होत असेल. बोटांचं नाही व्हायचं."

तिनं एका बशीत सगळ्या तेलांचे थेंब घेतले. दुकानदाराचं भारी तेल, धाकट्याच्या बाटल्या आणि गॅरेजातून काकांनी सोबत आणलेलं एक दाट तेल. बशी घेऊन ती बाबांच्या पलंगावर बसली.

"हे काय गं भलतंच?" आई म्हणाली. "आज धुतलेली चादर आहे!"

"जरा थांब ना आई."

तिनं बाबांचा डावा हात हातात घेतला आणि पहिला थेंब त्यांच्या बोटाला लावला. बाबा आधी तिच्याकडे बघत राहिले. मग अंगठा हलला. बोटावरून एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि बाबांनी ते भारी तेल सरळ धुतलेल्या चादरीला पुसलं.

"अगं आई गं!" आई किंचाळली.

"हे, की हे?" थोरलीनं दुसरा थेंब लावला. रोज परक्या माणसांना विचारायची तो प्रश्न. चादरीवर दुसरा डाग पडला. तिसराही पडला. दाट तेलाचा थेंब लावल्यावर मात्र अंगठा थांबेना. तो बोटावर गोल गोल फिरत राहिला, मग बाबांनी हात नाकाशी नेला आणि दूर कुठंतरी बघायला लागले. ते बघणं थोरलीनं लहानपणापासून पाहिलेलं होतं. एवढ्या महिन्यांत बाबा तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते आणि तिला कळत होतं. तिनं तेलात मिसळायची झिंकची बाटली पुढं धरली. बाबांनी दोन बोटं आडवी धरून दाखवली.

ती खिडकीत धावली. "काका! दोन बोटं म्हणजे?"

"बाटलीतलं दोन बोटं भरेल एवढं ओत!" खालून भोंगा वाजला. "जास्त नको, जास्त झालं तर तेही खातं!"

तो आवाज ऐकून बाबांच्या तोंडाची चालती बाजू वर गेली. अर्धंच हसू होतं, पण होतं. आई तेलाचे डाग विसरली.

काकांनी जुनं तेल सोडलं, नवं भरलं, वर दोन बोटं झिंक घातलं. मग ते गाडीत बसले. थोरली मुद्दाम खाली गेली नाही, बाबांचा हात दिसेल आणि खिडकीतून गाडीही दिसेल अशी मधोमध उभी राहिली. आज ती निरोप्या होणार होती. इतक्या रविवारांचं देणं तिला एका रविवारात फेडून टाकायचं होतं.

गाडी सुरू झाली. बाबांचा तळवा वर झाला.

"रेस!" थोरली खिडकीतून ओरडली.

इंजिनाचा आवाज चढला. बाबा दचकले. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता. त्यांनी परत तळवा उचलला.

"आणखी रेस, काका!"

आवाज आणखी चढला. बाबांनी हात स्थिर धरला, बास, इथंच ठेव. काकांनी तिथंच ठेवलं. सगळं घर त्या आवाजानं भरून गेलं, काचा थरथरायला लागल्या. बाबांनी डोळे मिटले आणि कान दिला.

थोरलीलाही तेव्हा ते ऐकू आलं. गाडी हळू चालायची तेव्हा टकटक होती. आता त्या मोठ्या आवाजात मध्ये मध्ये भोकं होती. इंजिन धावत होतं पण लंगडत धावत होतं, आणि टकटकीची आता खडखड झाली होती. तिच्यासारख्या अडाणी बाईला ते कळलं, तर बाबांना काय काय कळलं असेल! कुठला उंचवटा गेला, किती गेला, आता पुढं काय, सगळंच. इतके दिवस त्यांना निदान खात्री नव्हती. आज तिनं त्यांचं म्हणणं ऐकलं आणि ऐकून त्यांची शंकाच तेवढी फेडली. तिला धावत जाऊन त्यांचे कान झाकावेसे वाटले.

बाबांचा तळवा हळूहळू खाली आला. बोटं एकेक करून मिटली. मूठ झाली. हलवली नाही त्यांनी या वेळी, नुसती छातीवर ठेवली.

"बंद करा," थोरली म्हणाली. तिचा आवाज खालपर्यंत पोचला नसावा. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि मूठ आवळून दाखवली. गाडी बंद झाली. काका गाडीतच बसून राहिले, स्टीअरिंगवर डोकं टेकून.

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. चादरीवर डाग, सदऱ्यावर डाग, मुठीतल्या बोटांना तेल. थोरली ओला रुमाल घेऊन आली आणि पुसायला म्हणून एकेक बोट सोडवू लागली. सुटेना. तिनं करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली. "बाबा," ती पुटपुटली, "सोडा ना, बाबा." मूठ आणखी घट्ट झाली.

आईनं मागून येऊन तिचा हात धरला. आईचा चेहरा उजळला होता.

"राहू दे गं, सोडवू नकोस," आई म्हणाली. "आता कुठे जरा बळ यायला लागलंय त्यांना. पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं चालू ठेवू."